बटणावर काय लिहायचं हे कायदा सांगतो

आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त वाद झाला तो ॲप सोडून जाण्याच्या बटणावर. नव्या माणसाने ॲप घ्यावं म्हणून काय करायचं, यावर कोणी एवढं बोललं नव्हतं. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून कायदाच आहे की वेबसाइटवर सदस्यत्व विकत असाल, तर ते रद्द करण्याचं बटणही वेबसाइटवरच हवं, नीट वाचता येईल असं हवं आणि त्यावर 'करार इथे रद्द करा' एवढंच, किंवा तितकंच स्पष्ट काहीतरी लिहिलेलं हवं. पुढच्या पानावर माहिती भरायची, 'आता रद्द करा' दाबायचं, विषय संपला. आमच्याकडे मार्केटिंग बघणाऱ्या मुलाला मध्ये एक रडवेलं अस्वल उभं करायचं होतं. वकिलाच्या पहिल्याच ईमेलात ते अस्वल गेलं.

खरेदीचीही तीच तऱ्हा. २०१२ पासून इथे पैसे द्यावे लागणार हे थेट बटणावरच लिहावं लागतं. कायद्याने सुचवलेले शब्द आहेत 'त्सालुंग्सफ्लिश्टिग बेश्टेलन', म्हणजे पैसे देणं बंधनकारक आहे हे समजून मागणी नोंदवतोय. आता हे लहान फोनवर एका ओळीत बसवून दाखवा. फॉन्ट बारीक केला की बसतं, पण फॉन्ट बारीक केला की मी ज्यांच्यासाठी काम करते त्यांनाच ते दिसत नाही.

मी बर्लिनमध्ये सहा जणांच्या कंपनीत डिझायनर आहे. एकटीच. आम्ही हौशी गायनवृंदांसाठी ॲप बनवतो. तालीम कधी आहे, कोण येणार, कोण नाही, कार्यक्रमाला कोणी कुठे उभं राहायचं, असं सगळं त्यात असतं. असले गायनवृंद इथे भरपूर आहेत, आणि त्यात पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं पुष्कळ. तरुणांसाठी ॲप बनवतो असं सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. आमचं काम सांगितल्यावर लोक विषय बदलतात. मला मात्र हेच आवडतं, कारण हे वापरणारे लोक दिखाऊ ॲनिमेशनला भुलत नाहीत. त्यांना साडेसातची तालीम आहे की आठची एवढंच हवं असतं, आणि ते नाही मिळालं की ते थेट फोन करतात.

एकटा डिझायनर म्हणजे काय करतो, असं मला घरचे विचारतात. सकाळच्या स्टँडअप बैठकीनंतर फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडते हे खरं, पण स्क्रीन काढण्यात दिवसाचा लहानसाच भाग जातो. बाकी वेळ शब्दांवर. एरर आली तर काय लिहायचं, रिमाइंडरमध्ये 'कृपया' घालायचं का, ॲप स्टोअरवरच्या चित्रांत काय दाखवायचं. सपोर्टचे ईमेलही आठवड्यातून एक दिवस माझ्याकडे असतात. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगवेगळे लोक असतात. तिथल्या मैत्रिणींना माझी कीव येते. मला त्यांची येते, कारण आपण काढलेलं बटण कोणी दाबतंय हे त्यांना फक्त आलेखात दिसतं.

मला ते चर्चच्या हॉलमध्ये दिसतं. मध्यंतरी एका गायनवृंदाच्या तालमीला नवं डिझाइन घेऊन गेले होते. आल्टोमधल्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या गटातल्या, एक निवृत्त बाई, फोनवर अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा ठेवलेला. 'टेर्मिनबेश्टेटिगुंग' हे शीर्षक, म्हणजे येणार असल्याचं कळवणे, त्यांच्या पडद्यावर तीन तुकड्यांत मोडलं होतं आणि त्याने खालची बटणं पार पडद्याबाहेर ढकलली होती. बाईंनी चष्मा वर सरकवला, फोन हातभर लांब धरला, बोटाने वर-खाली केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सगळं छान आहे गं, पण मी येणार आहे हे कुठे दाबू?" दुसऱ्या दिवशी शीर्षकच काढून टाकलं. बटणांवर 'येते', 'नाही जमत', 'बघू' असं स्पष्ट लिहिलेलं असताना वर त्या शीर्षकाचं काय काम होतं?

युरोपचा सुलभतेचा नवा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. दृष्टी कमी असलेल्यांना, हात थरथरणाऱ्यांनाही डिजिटल सेवा वापरता आल्या पाहिजेत, असा त्याचा रोख. जर्मन कायद्यात सेवा देणाऱ्या अगदी लहान कंपन्यांना सूट आहे. दहापेक्षा कमी माणसं आणि वार्षिक उलाढाल २० लाख युरोच्या आत, अशा. आमच्या संस्थापकाने ही ओळ मोठ्या आनंदाने वाचून दाखवली. मी त्याला आल्टोच्या बाईंचा फोन नंबर देऊ केला. काम झालं.

प्रेरणा कुठून घेतेस, हा प्रश्न प्रत्येक डिझायनरला विचारतात आणि उत्तरादाखल सुंदर वेबसाइटांची यादी अपेक्षित असते. त्या मी बघते. पण तिथलं सगळं एकसारखं दिसतं, कारण सगळे एकमेकांचंच बघत असतात. मला कामाचं असं रस्त्यावर सापडतं.

सिग्नलवरचा टोपीवाला माणूस घ्या. कार्ल पेगलाऊ या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये पूर्व बर्लिनसाठी तो सुचवला. लाल माणूस दोन्ही हात आडवे पसरून वाट अडवतो. हिरवा लांब टांगा टाकत निघालेला असतो. रंग ओळखता आला नाही तरी आकृतीवरून कळतं, ही त्यातली खरी गोम. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्वेकडचे हे सिग्नल काढून पश्चिमेकडची साधी आकृती बसवायला सुरुवात झाली, तर लोकांनी विरोध केला. सिग्नलच्या आकृतीसाठी! तो माणूस टिकला, इतकंच नाही, तर पुढे पश्चिमेकडच्या भागातही पोहोचला.

आमच्या हजेरीच्या यादीत पूर्वी नुसते हिरवे आणि लाल ठिपके होते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारांमागे साधारण एकाला लाल-हिरव्यात फरक करणं जड जातं. बास आणि टेनर, म्हणजे पुरुषांचे आवाज, गाणाऱ्या रांगा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हिशोब लागेल. आता 'येते'ला भरीव गोल आहे, 'नाही'ला आडवी पट्टी आणि 'बघू'ला अर्धा गोल. रंग आहेतच, पण एकट्या रंगावर काहीही अवलंबून नाही.

याच्या अगदी उलट धडा जमिनीखाली मिळतो. आल्फ्रेड ग्रेनांडर या स्वीडिश वास्तुकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत बर्लिनच्या भुयारी रेल्वेची कितीतरी स्थानकं बांधली, आणि अनेक स्थानकांना स्वतःचा रंग दिला. आलेक्सांडरप्लाट्स स्थानकाच्या फरश्या निळसर हिरव्या आहेत. पुस्तकातून मान वर काढली, खिडकीत तो रंग दिसला की पाटी न वाचता उतरायचं. म्हणजे पेगलाऊ म्हणतो रंगावर विसंबू नका, आणि ग्रेनांडर सगळी भिस्त रंगावर टाकतो. दोघंही बरोबर आहेत, कारण ग्रेनांडरच्या स्थानकावर पाटीही असतेच. मी यावर ऑफिसात एकदा लांबलचक बोलले. डेव्हलपरने हेडफोन घातले.

पण सगळ्यात जास्त वेळ मी एका स्वयंपाकघरापुढे उभी राहिले आहे. इथल्या 'म्युझियम डेर डिंगे', म्हणजे वस्तूंच्या संग्रहालयात, मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी १९२६ मध्ये आखलेलं फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर आहे. फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींतल्या घरांत अशी सुमारे दहा हजार बसवली गेली. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची जागा. हात कुठून कुठे जातो, पावलं किती पडतात, याचा हिशोब करून प्रत्येक गोष्ट ठेवलेली. छतावरचा दिवा रुळावर सरकतो. पीठ ओकच्या लाकडाच्या खणात, कारण त्याला कीड लागत नाही असा समज. आणि ओळीने ॲल्युमिनियमचे खण, प्रत्येकाला मूठ, आतलं ओतायला चोच. वर नावं ठोकलेली: तांदूळ, साखर वगैरे.

ती ठोकलेली नावं बघितली की मला आधी हेवा वाटतो. इतकं ठाम डिझाइन! मग शंका येते. एखाद्या घरात यातलं निम्मं खातच नसतील तर? शिवाय ते स्वयंपाकघर एकाच माणसाच्या मापाचं. दुसरं कोणी मदतीला आत आलं की अडचण, म्हणून घरातली बाई तिथे एकटी पडते, अशी टीका त्यावर पुढे बरीच झाली. ज्या पावलांचा इतका बारकाईने विचार केला, ती पावलं कोणाची हे मात्र आधीच ठरवून टाकलेलं.

आमच्या ॲपमध्येही असे चार खण होते: सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), आल्टो, टेनर, बास. मी येण्याच्या आधीपासून कोडमध्ये ठोकलेले. एका लहान मुलांच्या गायनवृंदाच्या बाईंनी लिहिलं की आमच्याकडे पहिला, दुसरा, तिसरा आवाज असतो, मी मुलांना कुठे घालू? दुसऱ्या एका वृंदात टेनर गाणाऱ्यांत बायका होत्या आणि ॲप त्यांना परस्पर आल्टोत टाकत होतं. आता गटांची नावं ज्याची त्याने ठेवायची. डेव्हलपरला ते जुनं कोड उपटायला जितका वेळ लागेल असं वाटलं होतं, त्याच्या दुप्पट लागला. तरी कोरं पान समोर आलं की लोक गोंधळतात, म्हणून चार जुनी नावं आधीच भरून ठेवली आहेत. खोडता येतात.

जाता जाता एक गोष्ट, कारण इथल्या जर्मन सहकाऱ्यांनाही ती ठाऊक नसते. दक्षिणेत उल्म नावाच्या गावात १९५३ ते १९६८ अशी फक्त पंधरा वर्षं चाललेली एक डिझाइनची शाळा होती. तिच्या संस्थापकांपैकी ओट्ल आइखर यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी केलेल्या खेळांच्या चिन्हांचे वंशज आज तुम्हाला कुठल्याही विमानतळावर दिसतात. त्याच शाळेत शिकलेल्या सुधाकर नाडकर्णींनी आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये आयडीसी हे डिझाइनचं केंद्र उभं केलं. इथे कोणी मला 'तू इतक्या लांबून जर्मन डिझाइन शिकायला आलीस का' असं विचारलं की मी हा इतिहास काढते. मग ते गप्प बसतात, किंवा हेडफोन घालतात.

सध्या वाद चालू आहे तो 'बघू' या बटणावर. वृंद चालवणाऱ्यांना ते नको आहे, कारण 'बघू' म्हणणाऱ्यांच्या भरवशावर कार्यक्रम उभा राहत नाही. गाणाऱ्यांना ते हवंच आहे. पैसे वृंद भरतो, ॲप गाणारे वापरतात, त्यामुळे संस्थापकाचा कौल कुठे आहे हे सांगायला नको. मी मधला मार्ग मांडलाय. 'बघू' ठेवायचं, पण तालमीच्या दोन दिवस आधी ते बंद होणार आणि तेव्हा हो किंवा नाही सांगावंच लागणार. सोमवारी मतदान आहे. आम्ही सहा जण आहोत, त्यामुळे तीन-तीन होण्याचीच शक्यता जास्त.