बव्हेरियाची हद्द नेमकी कुठे संपत होती?

विटल्सबाख घराण्याचा बव्हेरिया कुठून कुठपर्यंत होता, आणि मध्ययुगीन जर्मनीच्या नकाशावर तो इतका फाटका का दिसतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

आधी नकाशावर हद्दीची रेघ शोधणं सोडा. गावागणिक हक्क शोधा. एकाच गावात शेतीचा खंड मठाचा, मठाचा रक्षक म्हणून त्यावरचं देणं ड्यूकचं आणि किरकोळ तंट्यांचा निवाडा स्थानिक सरदाराचा, असं सर्रास असे. नकाशा रंगवायचाच असेल, तर देहान्त शिक्षेचा अधिकार कोणाकडे होता ते धरून रंगवा; त्यातल्या त्यात तीच खूण भरवशाची. फ्रायसिंग आणि पासाउच्या बिशपांच्या स्वतःच्या जहागिरी मात्र वेगळ्या रंगात दाखवाव्या लागतील, आणि १२४५पासून रेगेन्सबुर्ग शहरही.

११८० साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने हेन्री द लायनकडून बव्हेरिया काढून ऑटो विटल्सबाखला दिला, तेव्हा हाती मुलखापेक्षा किताबच जास्त आला. ऑस्ट्रिया ११५६लाच वेगळा झाला होता, आता स्टायरियाही तोडला गेला. पुढची वाढ बरीचशी शेजारी घराणी निर्वंश झाल्यामुळे झाली: १२४२ला बोगेन, १२४८ला आंडेक्स. बव्हेरियाच्या निशाणावरचे निळे-पांढरे चौकट मूळचे बोगेनचे. असा मुलूख हाती आला की ड्यूक तो पुन्हा कुणा सरदाराला वंशपरंपरेने देत नसत. तिथे काढता-घालता येईल असा अधिकारी बसवत. माझ्या मते या घराण्याचं खरं बळ इथे आहे, लढायांत नाही.

ते बळ भाऊबंदकीत विरलं. १२५५पासून वाटण्या सुरू झाल्या. १३९२ला म्युनिक, लांड्सहूट आणि इंगोलश्टाट अशा तीन शाखा झाल्या. वाटणी करताना मोजलं जाई ते उत्पन्न, क्षेत्रफळ नव्हे. म्हणून इंगोलश्टाटच्या वाट्यात डॅन्यूबकाठच्या राजधानीबरोबर पार आल्प्समधलं किट्सब्युहेलही आलं. नकाशावर हा वाटा विस्कटलेला दिसतो. हिशेबाच्या वहीत त्याला अर्थ आहे.

श्ट्राउबिंगची चौथी शाखा १४२५ला खुंटली, तेव्हा वाटे घरटी पाडायचे की माणशी, यावर वाद पेटला. घरटी तीन वाटे झाले असते. जर्मन राजा सिगिसमुंडने १४२९ला माणशी चार पाडले, आणि म्युनिकच्या दोघा भावांना मिळून निम्मा मुलूख गेला.

सर्वांत महाग पडलं लांड्सहूट. तिथला ड्यूक जॉर्ज द रिच याला मुलगा नव्हता. घराण्याच्या करारांप्रमाणे वारसा म्युनिकला जायचा, पण त्याने मृत्युपत्रात तो मुलगी एलिझाबेथला दिला. १५०३ला तो वारला आणि युद्ध भडकलं. १५०५च्या निवाड्यात म्युनिकला बराचसा मुलूख मिळाला, एलिझाबेथच्या मुलांसाठी नॉयबुर्गचं वेगळं संस्थान काढलं गेलं. मध्यस्थ जर्मन राजा माक्सिमिलियानने मात्र कुफश्टाइन, राटेनबेर्ग आणि किट्सब्युहेल स्वतःच्या टिरोलला जोडून घेतलं. ते आजही ऑस्ट्रियात आहेत.

१५०६ला म्युनिकचा ड्यूक आल्ब्रेख्त चौथा याने कायदा केला: सगळं राज्य थोरल्याचं. त्याच्या मागे धाकटा मुलगा लुडविग अडून बसला, आपला जन्म कायद्याआधीचा म्हणून. त्याला राज्यकारभारात वाटा द्यावाच लागला. १५४५ला तो औरस वारसाविना वारला, तेव्हा कुठे बव्हेरिया पुन्हा एका हाती आला.