सेटमध्ये नंबर दिसतोय, तरी कंटेन्स म्हणतं नाहीये

ब्लॉक केलेली काही खाती आमच्या सिस्टिममधून बिनदिक्कत पुढे जात होती. सगळी नाही, फक्त जुनी. नवीन खातं ब्लॉक केलं की लगेच अडायचं. टीममधलं पहिलं उत्तर ठरलेलं, "जुना डेटा खराब असेल". न बघताच डेटावर ढकलून मोकळं व्हायचं, ही सवय मला अजिबात पटत नाही.

डेटा चोख होता. दुसऱ्या सर्व्हिसकडून जेसन या मजकुरी फॉरमॅटमध्ये ब्लॉक खात्यांच्या नंबरांची यादी यायची, आमच्या जावा कोडमधला जेनेरिक (कुठल्याही टाइपला चालणारा) हेल्पर ती जॅक्सन या लायब्ररीने वाचून लाँगचा, म्हणजे मोठ्या पूर्णांकांचा, हॅशसेट म्हणून द्यायचा आणि पुढे नुसतं कंटेन्स, म्हणजे हा नंबर सेटमध्ये आहे का एवढंच विचारायचं. लॉगमध्ये सेट छापला तर नंबर समोर दिसतोय आणि कंटेन्स म्हणतंय फॉल्स! मग सुटलेल्या खात्यांचे नंबर चढत्या क्रमाने लावले तर एकूण एक २१४७४८३६४७ च्या आत. इंट या लहान पूर्णांक टाइपची कमाल मर्यादा. तिथेच ट्यूब पेटली.

२००४ मध्ये जावा ५ सोबत जेनेरिक्स (सेटच्या आत कुठला टाइप आहे ते कोडमध्ये लिहायची सोय) आले तेव्हा जुना कोड चालत राहावा म्हणून हे आतले टाइप कंपाइलनंतर पुसायचे असं ठरलं, त्यामुळे सेटचा नुसता क्लास हातात दिल्यावर आत लाँग हवेत हे जॅक्सनला कळणार कसं? त्याने इंटमध्ये मावेल तो नंबर इंटीजर (इंटचंच ऑब्जेक्ट रूप) केला, न मावेल तो लाँग. फॉर लूप फिरवला असता तर कंपायलरने घातलेला लाँगमध्ये बदलणारा कास्ट तिथल्या तिथे फुटला असता. पण कंटेन्स घेतं ऑब्जेक्ट, म्हणजे कुठलाही टाइप, कास्ट कुठेच नाही. त्यात लाँग ५ आणि इंटीजर ५ चा हॅशकोड (सेटच्या कुठल्या कप्प्यात, म्हणजे बकेटमध्ये, शोधायचं ते ठरवणारा आकडा) एकच, म्हणजे शोध बरोबर बकेटमध्ये पोचतो आणि इक्वल्स, म्हणजे दोन्ही सारखे आहेत का ही तपासणी, टाइप वेगळे म्हणून तिथे नाही म्हणतं.

राग याचा येतो की कंपायलरने हे सांगितलं होतं. आतला टाइप तपासता येत नाही अशी अनचेक्ड वॉर्निंग होती, कोणीतरी सप्रेसवॉर्निंग्ज लावून तिचं तोंड बंद केलं. टेस्टही हिरव्यागार, कारण तिथला सेट हाताने भरलेला, जेसनमधून कोणी आणलाच नव्हता.

आता हेल्पर नुसत्या क्लासऐवजी टाइपरेफरन्स (जॅक्सनला आतल्या टाइपसकट पूर्ण टाइप सांगणारा क्लास) मागतो. त्यापुढचे रिकामे महिरपी कंस बघून नवी मुलं गोंधळतात, पण त्यानेच अनामिक सबक्लास बनतो आणि त्याच्या सुपरक्लासचा पूर्ण टाइप क्लास फाइलमध्ये शिल्लक राहतो, जॅक्सन तो वाचतो. अनचेक्ड वॉर्निंगला बिल्डच फेल होतो, यावर एका सीनियरची कुरकुर चालू आहे, चालू दे. लाँगच्या सेटला कोणी सरळ इंटीजर विचारला तर मात्र कंपायलर आजही गप्पच. एरर प्रोन या जावा कोड तपासणाऱ्या टूलमध्ये त्यासाठी चेक आहे, तो बिल्डमध्ये घालायची परवानगी मागितलीये, अजून उत्तर नाही.