गुरुवार आणि जवळा

हॉटेल उघडून अकरा दिवस झाले होते आणि या अकरा दिवसांत मी तिथल्या खुर्चीवर बसून एकदाही जेवलो नव्हतो. किचनमध्ये उभ्याउभ्या चमच्याने चाखायचं, तेच जेवण. म्हणून कॉलेजचे तिघं येतो म्हणाले तेव्हा ठरवलं, आज ॲप्रन काढायचा आणि गिऱ्हाईक म्हणून बसायचं. वार काही बघितला नाही. पुण्यात हॉटेल टाकलेल्या माणसाने वार न बघता लोकांना जेवायला बोलवावं, याला काय म्हणायचं? गुरुवार होता.

तिघांपैकी बँकेतला मित्र जन्माचा शाकाहारी, अंड्यालाही न शिवणारा. वकीलबाई अलिबागकडची. एरवी मासळीशिवाय तिला घास उतरत नाही, पण गुरुवार दत्ताचा म्हणून कडक. तिसरा सगळं खातो, कुठल्याही वारी.

बसलो आणि पाच मिनिटांत कळलं की त्या टेबलावर वरचा दिवा नेमका डोळ्यांत येतो. अकरा दिवसांत एकाही गिऱ्हाइकाने सांगितलं नव्हतं.

मी पेनांगला एका हॉटेलच्या किचनमध्ये चार वर्षं काढली, त्यामुळे आमच्या मेनूत थाई, बर्मी सगळं असलं तरी जीव मलेशियाच्या पदार्थांत. तिसऱ्यासाठी आसाम लाक्सा मागवला. या आसामचा आपल्या आसामशी संबंध नाही, मलयमध्ये आसाम म्हणजे आंबट, चिंचसुद्धा. बांगडा उकडून, काटे काढून केलेला आंबट-तिखट रस्सा, त्यात जाड शेवया. चिंचेच्या जोडीला आमसुलाचा एक भाऊबंद असतो, वाळवलेल्या चकत्यांचा. तो भुरके मारत म्हणाला, "अरे, हे तर बांगड्याचं तिखलंच की!" अगदीच चूक नव्हता तो. मग गवती चहाची गोष्ट निघाली. आपण पाती चहात टाकतो आणि बुडखा फेकतो, तिकडे बरोबर उलटं. मंडईतल्या माझ्या भाजीवाल्या मावशींना अजून वाटतं, मी डोक्याने जरा कमी आहे.

मग कांगकुंग आलं. कांगकुंग म्हणजे आपली नाळीची भाजी, पोकळ देठांची. कढई धूर सोडायला लागली की मिनिटभरात परतून काढायची, देठ कुरकुरीत राहिले पाहिजेत. ती सांबालमध्ये परततात. खऱ्या सांबालमध्ये लाल मिरची, छोटे कांदे आणि बेलाचान असतं. बारीक कोळंबी मीठ लावून, वाळवून, कुटून, तिची वडी थापतात. वापरायच्या आधी ती भाजतात, आणि भाजताना गल्लीभर वास सुटतो. शाकाहारी सांबालमध्ये आम्ही त्याऐवजी आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट घालतो. मेनूत त्यापुढे हिरवा ठिपका आहे.

वकीलबाईने दोन घास खाल्ले. तिसरा घेताना डोळे मिटून म्हणाली, "अगदी आमच्या आईच्या जवळ्याच्या चटणीसारखं लागतंय रे." आणि थांबली. हळूच काटा खाली ठेवला. "यात जवळा आहे का?"

मी तिच्या ताटलीतलं एक पान तोंडात टाकलं. बेलाचान. माझ्या नाकाला त्या वासाची इतकी सवय झालीय की ताटली समोर ठेवली तरी कळलं नव्हतं. ती मात्र वाळूवर जवळा वाळत घातलेला बघत मोठी झालेली. बेलाचानची कोळंबीही जवळ्याच्याच जातकुळीतली, तिच्या जिभेला कोण फसवणार?

बँकवाल्याच्या काट्याला एक देठ गुंडाळलेला होता. तो त्याने आवाज न करता ताटलीत सोडला आणि मला विचारलं, "मी अजून खाल्लं नव्हतं ना?" त्याच्या भाताच्या कडेला लाल तेल लागलेलं होतं. मी त्याची ताटली उचलली आणि उत्तर न देताच किचनमध्ये गेलो.

दोन पांढरे डबे, दोन्हींत लालभडक सांबाल. शाकाहारी डब्याला हिरवी टेप असायची, ती दुपारी धुताना निघाली होती. "शेफ, टेप निकल गया था. कलर सेम था," कढईवरचा नेपाळी पोरगा म्हणाला. वास घेतला असता तरी कळलं असतं, पण त्याला दोन दिवस सर्दी होती. आणि माणसं कमी म्हणून सुट्टी नाकारली होती मीच.

संध्याकाळपासूनच्या केओटी, म्हणजे किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, काढल्या. हिरव्या ठिपक्याचं कांगकुंग आणखी एका टेबलावर गेलं होतं, सहा नंबरला. आईवडील आणि मुलगी. ताटली रिकामी झालेली. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ दिसली तेव्हा वाटलं, इथूनच मागे फिरावं.

सांगितलं. गुळमुळीत न करता, कोळंबी होती म्हणून. मुलगी ताडकन उठून मला बोलायला लागली आणि तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. आई तोंड धुवायला गेली. वडिलांनी हात नुसता माळेवर ठेवला होता. ते एवढंच म्हणाले, "पाणी द्या." बिल मी घेणार नव्हतोच, पण त्यांनी पाचशेच्या नोटा मोजून ठेवल्या, वरचे सुटे न घेता गेले. त्या नोटा दोन दिवस गल्ल्यात वेगळ्या पडून होत्या, कुणीच हात लावला नाही.

पोराला घरी पाठवलं. दोन्ही डबे रिकामे करून टाकले. आता शाकाहारी सांबाल स्टीलच्या उभ्या डब्यात असतं, बेलाचानचं काचेच्या बरणीत, आणि दोन्ही वेगळ्या फ्रीजमध्ये. अंधारात हात घातला तरी कळावं.

टेबलावर परतलो तेव्हा बँकवाला साबुदाणा खात होता. नारळाचं दूध आणि माडाचा गूळ घातलेला, तिकडचा पदार्थ. बाकी कशालाही त्याने हात लावला नव्हता. "याला तरी काही नाही ना?" त्याने विचारलं. नाही म्हणालो, आणि तरी उठून आत जाऊन खात्री करून आलो.

वकीलबाई अजून त्या कांगकुंगकडे बघत होती. मी ताटली उचलायला गेलो तर तिने कड धरून ठेवली.

"टाकू नको. डब्यात भर," ती म्हणाली. "उद्या शुक्रवार आहे."