तुमचा सिकलसेल किती टक्के?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला सिकलसेल आहे, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना विळ्याचा आकार देणारा आनुवंशिक आजार. हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, सहकारी विचारतात आणि मुलाचा ‘एसएस पॅटर्न’चा, म्हणजे दोन्ही पालकांकडून सिकलसेलचे जनुक आल्याचा, रिपोर्ट हाती पडलेले आईवडील तर हमखास विचारतात. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीच्या कागदावर ‘हिमोग्लोबिन एस’पुढे, म्हणजे या आजारातल्या सदोष हिमोग्लोबिनपुढे, सत्तर-ऐंशीच्या घरातला आकडा छापलेला असतो, त्यामुळे तोच आजाराचा जोर आहे असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात एकूण हिमोग्लोबिनपैकी किती भाग एस प्रकारचा, एवढेच तो सांगतो. त्यापेक्षा खालचा, सहसा कोणी न वाचणारा ‘एफ’चा आकडा बोलका असतो, कारण गर्भावस्थेतले हे हिमोग्लोबिन जितके अधिक शिल्लक राहते तितका पेशींना विळ्याचा आकार येण्यास अडथळा होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला आणि ‘टक्के’ हा शब्द आणखी घट्ट चिकटला; बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो.

नुसते हिमोग्लोबिनही फसवते. माझे साडेनऊच्या आसपास असते, धाकट्या भावाचे साडेसात. तरी अंथरूण धरण्याची पाळी माझ्यावरच अधिक येते. पेशी वाढल्या की रक्त दाट होते आणि बारीक वाहिन्यांत ते तुंबण्याचा धोकाही वाढतो, हे मला फार उशिरा कळले.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र एक मोजमाप खरोखर उपयोगी आहे. डोक्याच्या डॉपलर तपासणीत मेंदूच्या मोठ्या धमन्यांतील रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक आढळला, तर पक्षाघाताचा धोका मोठा मानतात आणि नियमित रक्त चढवून तो बराच कमी करता येतो.

वेदनेला असा आकडा नाही. ‘वर्षात किती वेळा भरती झालात?’ एवढेच विचारले जाते. गेल्या वर्षी मी दोनदा भरती झाले, म्हणून एका दवाखान्यात माझ्या कागदावर ‘सौम्य’ असा शेरा पडला. अमेरिकेतील व्हर्जिनियात २३२ प्रौढ रुग्णांनी रोजच्या वेदनेची डायरी ठेवली होती. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदलेल्या निम्म्याहून अधिक दिवशी दुखत होते, पण उपचारासाठी दवाखाना गाठला गेला तो शंभरांतल्या तीन-चार दिवशीच. बाकीचे दुखणे घरातच, गोळी आणि शेकाच्या पिशवीवर निभावले जाते.

तो ‘सौम्य’ शेरा पडल्यापासून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुखऱ्या दिवसांना फुली मारते आणि तपासणीला जाताना ते गुंडाळून सोबत नेते. मागच्या खेपेला डॉक्टरांनी एकसष्ट फुल्या स्वतः मोजल्या आणि हायड्रॉक्सियुरिया हे वेदनेचे झटके कमी करणारे औषध सुरू करण्याविषयी पहिल्यांदाच बोलणे काढले.