आलात? नोंद झालीच!

सोसायटीच्या गेटवर वॉचमनची वही असते. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, वेळ आणि शेवटी कोणालाच वाचता न येणारी सही. आपण लिहायला वाकलो की वरच्या दहाबारा पाहुण्यांचे मोबाइल नंबर आयतेच वाचून होतात. पेन सुतळीने बांधलेलं, माहिती मोकळी. या वहीबद्दल कधी चकार शब्द न काढणाऱ्या माणसाच्या वेबसाइटवर मात्र तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘आम्ही आपल्या खासगीपणाचा आदर करतो.’ साइटवर काय, तर थालिपिठाची कृती, राजगडाचे चाळीस फोटो आणि तीन कविता. ‘आम्ही’ म्हणजे कोण, तर तो एकटाच.

हा मजकूर बहुधा कुठून तरी उचललेला असतो. म्हणून त्यात ‘आमचे व्यावसायिक भागीदार’ असतात, कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी वेगळा परिच्छेद असतो आणि मध्येच ‘येथे कंपनीचे नाव लिहा’ असा कंसही राहून गेलेला असतो. थालिपिठाला व्यावसायिक भागीदार एकच, लोणी.

खरी नोंद होते ती दुसरीकडेच. घरमालक घोरत असला तरी सर्व्हर, म्हणजे साइट ठेवलेला संगणक, जागा असतो, आणि त्यावर पानं वाढणारा प्रोग्राम अपाची असो की एन्जिनएक्स, मुद्दाम बंद केल्याशिवाय तो प्रत्येक पाहुण्यामागे एक ओळ लिहितोच. आधी आयपी पत्ता, म्हणजे पाहुण्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, समजा २०३.०.११३.४२. मग सेकंदासकट वेळ, मागितलेलं पान, ते मिळालं की नाही याचा आकडा (मिळालं तर २००, नसेल तर ४०४), किती बाइट गेले, पाहुणा कुठल्या पानावरून आला आणि कोणता ब्राउझर घेऊन आला. ‘कुठून आला’ या रकान्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये (Referer) एक ‘आर’ कमी आहे. १९९६ च्या एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवर पानं मागण्या-देण्याच्या नियमांच्या, दस्तऐवजात तो तसाच छापला गेला आणि आता जगभरचे सर्व्हर तीच चूक इमानेइतबारे करतात. सातबाऱ्यावर नावाची वेलांटी चुकली की पुढे जे होतं, तेच इथे झालं.

आपली साइट किती लोक वाचतात हे पाहायला ही वही उघडली की पहिला धक्का बसतो. निम्मेअधिक पाहुणे माणसं नसतातच. कुणी वर्डप्रेसचं (साइट चालवायच्या एका सॉफ्टवेअरचं) लॉगिनचं पान मागतो, कुणी पासवर्ड लिहिलेली लपवलेली फाइल मागतो. साइटवर वर्डप्रेसचा पत्ता नसला तरी. हे पाहुणे थालिपिठासाठी आलेले नाहीत. बिल्डिंगमधल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघायची, एवढंच त्यांचं काम. त्यांच्यापायी ही वही थोडे दिवस ठेवावी लागते.

थोडे म्हणजे किती? डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर एन्जिनएक्स बसवला तर वही रोज बदलते आणि मागच्या चौदाच उरतात. चौदा दिवस वैयक्तिक साइटला पुष्कळ झाले. गडबड होते ती बॅकअपमध्ये. इकडे सर्व्हर पंधराव्या दिवशी जुनी वही फाडतो आणि तिकडे दर रविवारी संपूर्ण साइटची प्रत, वहीसकट, कपाटातल्या हार्ड डिस्कवर जाते. खासगीपणाच्या धोरणात ‘चौदा दिवस’, कपाटात सहा वर्षं. या वहीचा, म्हणजे लॉगचा, फोल्डर बॅकअपमधून वगळला की हे मिटतं.

त्यापुढचा सोवळेपणा म्हणजे पत्त्याचा शेवटचा आकडा लिहिण्याआधीच शून्य करणं. ४२ चा ० झाला की पाहुणा २५६ जणांच्या घोळक्यात मिसळतो. काही हुशार लोक पत्त्याचा हॅश, म्हणजे उलटा वाचता न येणारा सांकेतिक ठसा, करून ठेवतात आणि निर्धास्त होतात. पण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते आहेतच मुळी सुमारे ४२९ कोटी. एवढ्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवून पाहणं ही आजच्या संगणकाला दुपारच्या चहाआधीची कामगिरी. कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्याचाच हा प्रकार.

हे झालं आपल्या वहीचं. शेजाऱ्यांच्या वहीत आपण पाहुण्यांची नावं पाठवतो ते निराळंच. मराठी साइटला देखणं अक्षर हवं म्हणून ‘मुक्ता’ फॉन्ट घेतात. तो घडवला मुंबईच्या ‘एक टाइप’ने. पण साइटच्या कोडमध्ये गूगल फॉन्ट्सची तयार ओळ चिकटवली, की ‘ळ’ दाखवण्यासाठी पाहुण्याचा ब्राउझर गूगलच्या दारात जातो आणि आपला आयपी पत्ता देऊन येतो. एवढ्याच कारणावरून जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्यानंतर त्या देशात इतरांनाही शंभर-दोनशे युरो मागणारी पत्रं धडाधड जाऊ लागली. जर्मनीतला भाचा आपल्या मामाला अशी नोटीस पाठवणार नाही, हा भाग वेगळा.

उपाय सोपा आहे. मुक्ताचा परवाना खुला आहे, तेव्हा फाइल उतरवून घ्यायची, आपल्याच सर्व्हरवर ठेवायची आणि स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, तिचा पत्ता द्यायचा. दोन ठिकाणी पाय घसरतो. फक्त लॅटिन अक्षरांची फाइल उतरवली, तर इंग्रजी मुक्तात आणि मराठी भलत्याच फॉन्टात दिसतं. फाइल हलकी करण्याच्या नादात अक्षरजोडणीचे तक्ते उडाले, तर ‘राष्ट्र’ पाय मोडून विखुरतं.

राजगडाचा व्हिडिओ थेट पानात बसवला तर यूट्यूबही आत येऊन बसतं, कुणी व्हिडिओ पाहो न पाहो. त्यापेक्षा एक साधं चित्र ठेवावं आणि त्यावर दुवा द्यावा. आपल्या पानात कोण कोण घुसलंय हे पाहायला खासगी खिडकी उघडा, एफ-१२ दाबा, नेटवर्कचा टॅब निवडा आणि पान पुन्हा लोड करा. आपल्या साइटच्या नावाखेरीज जे नाव दिसेल, तो बिनआमंत्रणाचा वऱ्हाडी.

आता कुकीची पाटी. नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये कुकी, म्हणजे साइटने पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी, आणली ती वेबला जरा स्मरणशक्ती यावी म्हणून. आता एकही कुकी न वापरणाऱ्या साइटवरही अर्धं पान झाकणारी पाटी येते, ‘मान्य आहे का?’ तुम्ही मान्य केलं हे लक्षात ठेवायला ती एक कुकी ठेवते. पाहुणा अनवाणी आला, तर चपला काढायला सांगण्यासाठी आधी त्याला चपला घालायच्या. ती पाटी स्वतःही पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. कुकी नसेल तर पाटी काढून टाकावी, थालीपीठ तरी दिसेल.

संपर्काच्या अर्जातही नाव, ईमेल, मोबाइल, शहर असं सगळं विचारायची हौस असते. ‘कांदा किती घालायचा?’ एवढं विचारणाऱ्याचा मोबाइल कशाला हवा? शिवाय आलेला मजकूर मेलमध्ये तर जातोच, पण अर्जाची अनेक प्लगइन्स (साइटला जोडायचे छोटे प्रोग्राम) त्याची एक प्रत गुपचूप डेटाबेसमध्येही ठेवतात. मेल पुसून हात झटकणाऱ्याला ती कधी दिसत नाही.

कायदा काय म्हणतो? भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती वगळली आहे. थालीपीठ घरगुतीच, पण साऱ्या जगाला वाढलं तर? स्वीडनमधल्या चर्चच्या एका कार्यकर्तीने आपल्या वेबपानावर सहकाऱ्यांची माहिती दिली होती; एकीचा पाय दुखावलाय आणि ती अर्धवेळ रजेवर आहे, हेही. २००३ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की कुणालाही उघडता येणारं पान घरगुती नव्हे, आणि पायाचं दुखणं ही आरोग्याची माहिती. तेव्हा कृतीखाली ‘मावशीचा गुडघा धरल्यामुळे यंदा भाजणी उशिरा’ असं लिहिण्याआधी मावशीला विचारलेलं बरं.

इतकं सगळं करून झालं, की साइटचालक समाधानाने गरम थालिपिठाचा फोटो काढतो आणि चढवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला असता तर आतली माहिती वाटेत गळून पडली असती. इथे कॅमेऱ्यातली मूळ फाइल जाते, आणि फोनचं लोकेशन चालू असेल तर तिच्यात अक्षांश-रेखांशही जातात. एक्झिफटूल या प्रोग्रामने ते एका आज्ञेत पुसता येतात. नाहीतर पाहुण्यांच्या पत्त्याचा शेवटचा आकडा शून्य, आणि यजमानाचं स्वयंपाकघर नकाशावर काही मीटरच्या फरकाने, लोण्याच्या गोळ्यासकट.