तुमच्या ग्रहावरची बुरशी बोलत का नाही?

कल्पित ग्रहांच्या कथा लिहायला लागल्यापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. एका वाचकानं तर कळवळून विचारलं, ‘अहो, जमिनीखाली एवढं जाळं पसरलंय, त्याला जरा अक्कल द्यायला तुमचं काय जातं?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

माझं काही जात नाही, बुरशीचं जातं. आपला मेंदू वजनाला शरीराच्या दोन टक्के, पण खातो वीस टक्के. मग एवढ्या मोठ्या जाळ्याला पोसणार कोण? कागदावर प्राणी रचताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: हा खातो काय?

कथांमधली बुरशी सहसा खातच नाही. ‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ या २०१७च्या मालिकेत तर तिच्या जाळ्यातून अवकाशयानं उड्या मारतात, आणि तिथल्या शास्त्रज्ञाला पॉल स्टॅमेट्स या खऱ्या कवकतज्ज्ञाचं नाव दिलंय. मजा येते, नाही म्हणत नाही. पण बुरशी तिथे आयता हमरस्ता होऊन बसते.

या कल्पनांना बळ मिळालं ते १९९७ साली. कॅनडातल्या जंगलात वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी कार्बनची समस्थानिकं (ज्यांचा माग काढता येतो असे कार्बनचे अणू) वापरून बर्चच्या झाडाकडून डग्लस फरच्या झाडाकडे कार्बन जातो, असं दाखवलं; वाट मुळांना जोडणाऱ्या बुरशीच्या जाळ्याची असावी, असं मानलं गेलं. मग गोष्ट वाढत गेली. झाडं बोलायला लागली, आईझाड लेकरांना भरवायला लागलं. २०२३मध्ये तिघा संशोधकांनी पुरावे तपासून म्हटलं, जरा दमानं घ्या, लेकरांना भरवण्याला जंगलातला आधार नाही. त्या तिघांतल्या मेलनी जोन्स १९९७च्या शोधनिबंधाच्याही सहलेखिका! असा माणूस मला कुठल्याही कथानायकापेक्षा आवडतो.

आणि खरं अवाढव्य जाळं हवंय ना? अमेरिकेत ऑरेगनच्या जंगलात आर्मिलारिया या बुरशीचा एकच जीव नऊ चौरस किलोमीटरहून जास्त पसरलाय. तो झाडांचे निरोप पोचवत नाही. मुळांत शिरून झाडं मारतो आणि खातो.

मला तर त्याहून मोह पडतो तो मोनोट्रोपा या वनस्पतीचा. पांढरीफटक, हरितद्रव्याचा पत्ता नाही. झाडानं बुरशीला दिलेली साखर ही बया बुरशीकडून परस्पर लाटते. माझ्या पुढच्या कथेची नायिका तिच्यावरूनच बेतलीय.

तीही बोलत नाही. आत्ताच सांगून ठेवते.