आमची वाटचाल: रफार बरोबर होता, पाटी चुकली होती

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशिनवर वाचता येणाऱ्या अक्षर-संकेतात) आणून द्यायचा, हा आमचा धंदा. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल म्हणजे पोटात नुसती इंग्रजी अक्षरं. ई, जे, के, कॅपिटल बी, एच एवढं दाबलं की पडद्यावर ‘मराठी’ उमटतं. फॉन्ट काढून घेतला की उरतो कचरा. त्यात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली आणि रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. ‘वर्षा’ लिहायचं तर रफार काना ओलांडून ‘ष’च्या अलीकडे न्यावा लागतो. आमची पायथन लायब्ररी (प्रोग्रामरनं आपल्या कोडमध्ये वापरायचा तयार कोड) हे पहिल्या दिवसापासून करत होती. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, फुकट ठेवली होती. ती बघून लोक मोठी कामं घेऊन येतील असा हिशोब.

तिच्यावरून आलं कोणी नाही. लायब्ररीला आम्ही हौसेनं एका फुलाचं नाव दिलं होतं, आणि ते गुगलवर टाकलं की रोपवाटिका आणि अत्तरं येत. रीडमीची (कोडसोबतच्या माहितीच्या पानाची) पहिली ओळ होती ‘देवनागरीसाठी आधुनिक, हलकी, वेगवान चौकट’. चौकट कसली, खिडकीची?

त्याच सुमारास दुसऱ्या एकानं तसंच साधन काढलं. रेपोचं, म्हणजे गिटहबवरच्या त्याच्या कप्प्याचं, नावच कृतिदेव-टू-युनिकोड. कोड म्हणजे शोधा-आणि-बदला अशा ओळींची माळ. त्यातून ‘वर्षा’चं ‘वषार्’ बाहेर पडायचं. तरी चार लोक त्याच्याकडेच गेले. आमच्या दोन गिऱ्हाइकांनी पुढचं काम त्याच साधनावर उरकलं आणि आमचे पगार दोन महिने लांबले. नाव घेत नाही. पण ते ‘वषार्’ अजून तसंच आहे, मी मागच्या आठवड्यात पाहिलं.

डोळे उघडले ते एका प्रेसवाल्या काकांमुळे. साप्ताहिकाचे जुने अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून काढून देण्याचं काम त्यांनी पहिल्यापासून आमच्याकडेच ठेवलंय. ते म्हणाले, “साहेब, मी शोधलं तर तुमचं दुकान सापडेना. पुतण्याला सांगितलं, त्यालाही नाही.” तपासलं तेव्हा कळलं: गिटहबचा रेपो-शोध मुळात नाव, अबाउटमधलं वर्णन आणि टॉपिक्स (रेपोला लावायचे विषयाचे टॅग) एवढंच पाहतो. रीडमीत शोधायचं तर ‘इन कोलन रीडमी’ मुद्दाम लिहावं लागतं, आणि ते कोण लिहितंय? आमची अबाउटची चौकट रिकामी होती.

आता त्या चौकटीत एकच ओळ आहे: ‘कृतिदेव मजकूर युनिकोड देवनागरीत बदलणारी पायथन लायब्ररी, रफार आणि ऱ्हस्व वेलांटीसह’. रेपोच्या पानाच्या टायटल टॅगमध्ये (ब्राउझरच्या टॅबवर दिसणाऱ्या शीर्षकात) रेपोच्या नावामागोमाग हीच ओळ बसते, म्हणून गुगललाही ती आयती मिळते. ही इंग्रजीतून लिहिली तरी ‘कृतिदेव’ हा शब्द पहिल्या दोन-तीन शब्दांत यायला हवा. टॉपिक्स वीसपर्यंत लावता येतात. आम्ही नऊ लावले. त्यात लहान रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच चालतं, देवनागरी नाही. म्हणून ‘कृतिदेव’, ‘कृतीदेव’ अशी लोक लिहितात ती दोन्ही रूपं आणि रोमनमधलं एकत्र व तोडून लिहिलेलं नाव रीडमीच्या पहिल्या परिच्छेदात एकेकदा वाक्यात बसवलं. दहादा घुसडू नका. वाचणारा माणूस पळतो.

फुलाचं नाव मात्र बदललंच. रेपोचं नाव बदललं तर गिटहब जुने दुवे नव्याकडे वळवतो. फक्त जुन्या नावानं पुन्हा नवा रेपो उघडायचा नाही, नाहीतर ते वळण तुटतं. आमच्या एका पोरानं डेमोसाठी तोच उद्योग केला होता.

रीडमीत सगळ्यात जास्त वेळ गेला उदाहरणावर. आधी कोडमधल्या क्लासची यादी होती. आता नावाखाली दोन ओळींचा खुलासा, लगेच आत काय घालायचं आणि बाहेर काय येतं ते, आणि त्यात मुद्दाम ‘वर्षा’. ज्याला कळतं त्याला तेवढ्यात कळतं. मग इन्स्टॉलची एक ओळ. तिच्या आधी आम्ही डॉलरचं चिन्ह ठेवत होतो. काकांच्या पुतण्यानं कॉपीचं बटण दाबून ते चिन्हासकट विंडोजमध्ये चिकटवलं आणि ‘डॉलर ही आज्ञा ओळखीची नाही’ असं उत्तर मिळालं. डॉलर काढा. पिपला (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेला) द्यायच्या नावात जोडरेघ आणि इंपोर्टमध्ये अंडरस्कोर असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी दाखवा.

दुसरी गंमत एन्कोडिंगची. विंडोजवर पायथनमधून फाइल उघडताना यूटीएफ-आठ (युनिकोड साठवायची पद्धत) सांगितलं नाही तर बहुतेक मशिनवर तो जुनं कोडपेज (जुना अक्षर-तक्ता) धरतो आणि देवनागरी लिहिताना ‘चारमॅप कोडेक’ची चूक देतो. दोष आमच्या कोडचा नव्हे, पण तक्रार आमच्याकडे. आम्ही उदाहरणातच एन्कोडिंग लिहून टाकलं, आणि ‘अडचणी’ या मथळ्याखाली ती चूक जशीच्या तशी मजकूर म्हणून छापली. स्क्रीनशॉट नको. लोक एररचा संदेश उचलून गुगलमध्ये टाकतात, आणि चित्रातली अक्षरं तिथं सापडतील याचा भरवसा नाही. आमच्याकडे येणारे बरेच जण आता याच मथळ्यावरून येतात.

रेपोची भाषा म्हणून गिटहब एचटीएमएल (वेबपानांची भाषा) दाखवत होतं, ती आणखी एक डोकेदुखी. चाचणीसाठी ठेवलेली जुनी पानं कोडपेक्षा जड झाली होती, त्यामुळे पायथन गाळणी लावून शोधणाऱ्याला आम्ही दिसतच नव्हतो. गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये त्या फोल्डरला ‘लिंग्विस्ट-व्हेंडर्ड’ (भाषा मोजताना हे धरू नको अशी खूण) लावलं, एका ओळीत काम झालं.

पायथन लायब्रऱ्या जिथून उतरवतात त्या पायपीआयवर रीडमी 2018 पासून मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर सजवायच्या पद्धतीत) चालतो, पण तिथलं पान त्या-त्या रिलीजला बांधलेलं असतं. गिटहबवर सुधारणा केली म्हणून तिथं काही हलत नाही. आमचं चित्र सापेक्ष (रेपोच्या आतल्या अर्धवट) पत्त्यावर होतं. गिटहबवर दिसे, पायपीआयवर फुटकं. ते नीट करायला नवं व्हर्जन, मग एक दुवा राहिला म्हणून आणखी एक. कोडमध्ये अक्षराचा फरक नाही. तेव्हापासून चित्रांना पूर्ण पत्ता, आणि चढवण्याआधी ट्वाइन चेक, म्हणजे वर्णन तपासणारी आज्ञा. टेबलं आणि चित्रं मात्र त्यातूनही डोळ्यांनीच तपासावी लागतात.

नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गिटहबची ट्रॅफिकची आकडेवारी शेवटच्या 14 दिवसांचीच दिसते, म्हणून एक आड एक सोमवारी लोक कुठून आले ते वहीत उतरवतो. परवा एकानं कळवलं की तो ‘वषार्’ शोधत आमच्यापर्यंत पोचला. तो शब्द आता ‘अडचणी’त घातलाय. पायपीआयवर जायला पुढच्या रिलीजची वाट बघतोय.